दहा डोसची कुपी, दोन बाळं आणि उरलेली लस गटारात?

खाडीपल्याड | सोमवार, सकाळी ९.१०

उपकेंद्रावर लसीकरणाच्या दिवशी हमखास ऐकू येणारी तक्रार इथे मांडतो. वाडीवरून दोनच बाळं येतात. त्यांच्यासाठी बीसीजी या क्षयावरच्या लसीची १० डोसची कुपी फोडतात, ४ तास झाले की उरलेले ८ डोस बाद. गोवर-रुबेलाचंही तेच. आणि पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या लसीची अर्धी बाटली मात्र सिस्टर परत डब्यात घालतात, ती पुढच्या सत्राला चालते.

गावात याचे दोन अर्थ निघतात. एक, सरकारी माल आहे, घालवा फुकट. दोन, त्या लसीत काहीतरी असणार, म्हणून तर चार तासांत गटारात ओततात. दुसरा अर्थ जास्त वेगाने पसरतो, विशेषतः पावसाळ्यात, जेव्हा खाडीतली तर (होडी) बंद असते आणि लोकांना गप्पांशिवाय काम नसतं.

प्रश्न एवढाच: हा ४ तासांचा नियम आला कुठून? कुणी टेबलावर बसून ठरवला की त्यामागे काही घडलं होतं? लसींच्या सुरक्षिततेचा इतिहास माहीत असणाऱ्यांनी लिहावं. 'लस घ्यावी की नाही' यासाठी वेगळा धागा आहे, कुस्ती तिकडे करा.

शीतसाखळी | सोमवार, सकाळी ९.५५

आधी एक दुरुस्ती. गटारात कुणी ओतत नाही, निदान ओतू नये. उघडलेली बाटली ४८ तास किंवा पुढच्या सत्रापर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर, 'वापरू नये' अशा वेगळ्या पिशवीत आयएलआरमध्ये (लसींच्या फ्रिजमध्ये) राखून ठेवतात. त्या सत्रातल्या एखाद्या बाळाला काही झालं तर तपासायला तीच बाटली लागते. फेकून दिली तर पुरावाच गेला.

आता ४ तास. बीसीजी आणि गोवर-रुबेला या जिवंत, सुकवलेल्या लसी. डायल्युएंट घालून पातळ केल्या की त्यांत जंतुनाशक काहीच नसतं. घालताही येत नाही, कारण जंतुनाशक लसीतल्या जिवंत जंतूलाही मारेल. सुई आत-बाहेर करताना चुकून एखादा स्टॅफिलोकॉकस आत गेला, तर त्याच्यासाठी ती बाटली म्हणजे आयती पंगत. जंतू वाढतो आणि विष सोडतो. ते विष टोचलं गेलं की काही तासांत सडकून ताप, उलट्या, जुलाब, आणि बाळ दोन दिवसांत दगावू शकतं. याला टॉक्सिक शॉक म्हणतात. बाहेर अनेक देशांत ६ तासांची मर्यादा आहे, आपल्याकडे ४.

पेंटाव्हॅलंट, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची) वगैरे लसी मेलेल्या जंतूंच्या किंवा त्यांच्या तुकड्यांच्या. त्यांत जंतुनाशक घातलेलं असतं, म्हणून अटी पाळल्या तर २८ दिवस चालतात. अटी म्हणजे: मुदत संपलेली नसावी, २ ते ८ अंशांत राहिलेली असावी, रबरी बूच पाण्यात बुडालेलं नसावं, बाटलीवर उघडल्याची तारीख-वेळ असावी, गोठलेली नसावी आणि व्हीव्हीएम (बाटलीवरची उष्णतेची खूण) चांगला असावा.

एक खूण सांगतो, कुणालाही नुसत्या डोळ्यांनी तपासता येते. व्हीव्हीएम, म्हणजे तो गोलातला चौकोन, उष्णता लागली की गडद होत जाणारा. पातळ लसींवर तो लेबलवर असतो, उघडल्यावरही बाटलीसोबत राहतो. सुकवलेल्या लसींवर तो झाकणावर किंवा कुपीच्या मानेवर असतो. म्हणजे फोडली की खूण गेली, सोबत पुन्हा वापरायचा परवानाही गेला.

काजूबी | सोमवार, सकाळी १०.०२

वाचून कळला कित्याक फेकतत ती. आमच्याकडे सोलकढी पण चार तासांनी फेकतत, पण तिच्यावर गोलातलो चौकोन नाय.

जुना_दप्तरी | सोमवार, सकाळी ११.३०

खाडीपल्याड, नियम टेबलावर ठरलेला नाही. त्याचं मूळ ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडमधल्या बंडाबर्ग गावी. २७ जानेवारी १९२८ रोजी २१ मुलांना घटसर्पाची लस टोचली, १२ मुलं दगावली.

लस तयार करण्यात चूक नव्हती. त्याच बाटलीतून आधीच्या दिवसांत टोचलेल्या मुलांना काहीच झालं नव्हतं. रबरी बुचाची, पुन्हा पुन्हा सुई खुपसायची बाटली, आत जंतुनाशक नाही, आणि मधले दिवस ती तिकडच्या भर उन्हाळ्यात विनाबर्फाची पडून. उरलेल्या लसीत आणि मुलांच्या गळवांत एकच जंतू सापडला, स्टॅफिलोकॉकस ऑरियस. चौकशी आयोगाने स्पष्ट लिहिलं की ज्या द्रवात जंतू वाढू शकतात तो अनेकदा वापरायच्या बाटलीत द्यायचा असेल तर पुरेसं जंतुनाशक हवंच.

तुमच्या उपकेंद्रावरचे दोन्ही नियम या एका बाटलीतून निघतात. जंतुनाशक असेल तर २८ दिवस, नसेल तर काही तास.

त्याच्याही आधी १९०१ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला १३ मुलं गेली. जिम नावाच्या घोड्याच्या रक्तापासून घटसर्पाचं प्रतिविष बनवत असत. घोड्याला धनुर्वात झाला, त्याला मारलं, पण त्याचं दूषित रक्तद्रव्य वाटपातून वगळायचं राहून गेलं. पुढच्याच वर्षी तिथे अशा औषधांच्या कारखान्यांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला.

परळ_नाका | सोमवार, दुपारी १२.१५

बंडाबर्गच्या २६ वर्षं आधीची गोष्ट आपल्या अंगणातली आहे. परळची.

मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला. वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञांनी लस केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. लस करायची रीत बघण्यासारखी होती. गाईचं मांस चालणार नाही आणि डुकराचंही नाही, म्हणून बोकडाच्या मांसाचा रस्सा. तो मोठ्या चंबूत भरायचा आणि वर तुपाचे किंवा खोबरेलाचे थेंब सोडायचे. प्लेगचे जंतू त्या तेलकट थेंबांना धरून खाली लोंबत वाढतात, गुहेतल्या चुनखडीच्या झुंबरांसारखे. मधून मधून चंबू हलवायचा की ती झुंबरं तळाशी पडतात आणि वर नवी धरतात. असे काही आठवडे. मग ६५ ते ७० अंशांवर तापवून जंतू मारायचे आणि अर्धा टक्का कार्बोलिक ॲसिड, म्हणजे जंतुनाशक, घालायचं.

पंजाबातून मागणी प्रचंड आली तेव्हा उत्पादन वाढवायला रीत बदलली. कार्बोलिक वगळलं आणि भिस्त उष्णतेवर ठेवली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. त्यातले १९ जण धनुर्वाताने मेले. सगळे एकाच बाटलीतले, क्रमांक ५३-एन.

ठपका हाफकिन यांच्यावर आला. प्रयोगशाळेतच धनुर्वाताचे जंतू शिरले, कार्बोलिक असतं तर वाचले असते, असा चौकशीचा सूर. पण त्याच चौकशीत एक जबाब होता: गावात बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला आणि ज्योतीवर न धरता नुसता कार्बोलिकच्या पाण्यात हलवून त्यानेच बूच काढलं. शिवाय धनुर्वाताचा जंतू बाटलीत आठवडेच्या आठवडे वाढला असता तर उघडताक्षणी घाण वास सुटला असता. उघडणाऱ्याने तसा वास आल्याचं सांगितलं नाही. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये हे मुद्दे मांडले, तेव्हा कुठे सुटका झाली. परळच्या संस्थेला हाफकिनांचं नाव मिळायला १९२५ उजाडलं.

काजूबी | सोमवार, दुपारी १२.२०

शेवटी खोबरेल आलंच ना! पुढच्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर येणार, 'प्लेगवर खोबरेल तेल, आजीचा बटवा, शास्त्रज्ञही थक्क'.

फणसगरे | सोमवार, दुपारी १२.५०

परळ_नाका, हाफकिनना तुम्ही थोडं स्वस्तात सोडलंत. चिमटा गावात पडला हे खरं धरलं तरी कार्बोलिक काढण्याचा निर्णय त्यांचाच. कार्बोलिक धनुर्वाताच्या बीजाणूंना मारेलच असं नाही, पण जंतू वाढायला अटकाव करतं. तंत्र शुद्ध असेल तर जंतुनाशकाची गरज नाही हा विचार पॅरिसच्या प्रयोगशाळेतल्या बाकावर बरोबर. पंजाबातल्या गावात, उघड्यावर, रांग लावून टोचताना तंत्र शुद्ध राहणार नाही हे गृहीत धरायला हवं होतं. त्या हाताळणीतली चूक माफ होणार की नाही हे बाटलीत काय आहे त्यावर ठरतं. नेमकं हेच तर बंडाबर्ग आयोगाने लिहिलं.

परळ_नाका | सोमवार, दुपारी १.०५

मान्य. पण मग शिक्षाही तेवढ्यापुरतीच हवी होती. १९ मृत्यूंचं खापर फोडून माणसाला पाच वर्षं ताटकळत ठेवायला नको होतं.

सागरगोटा | सोमवार, दुपारी ३.४०

एकाच खोलीत काय काय ठेवावं, याचं उदाहरण ल्युबेक, जर्मनी, १९३०. नवजात बाळांना बीसीजी तेव्हा तोंडाने देत. पॅरिसहून आलेला मूळ वाण निर्धोक होता. ल्युबेकच्या प्रयोगशाळेत तो वाढवताना क्षयाच्या खऱ्या, जहाल जंतूशी सरमिसळ झाली, कारण दोन्ही एकाच प्रयोगशाळेत जोपासत होते. अडीचशेच्या आसपास बाळांना लस दिली, ७० पेक्षा जास्त दगावली. खटला चालला, डॉक्टरांना शिक्षा झाली.

आयएलआरमध्ये लसीशिवाय दुसरं औषध ठेवायचं नाही, हा नियम त्याच जातकुळीचा. साप-विंचवाच्या लसी, इन्सुलिन, सिस्टरचा डबा, काही नाही. २०१४ मध्ये सीरियात गोवराच्या डायल्युएंटच्या जागी भुलीच्या वेळी वापरायचं, स्नायू शिथिल करणारं औषध गेलं, १५ मुलं गेली. दोन्ही छोट्या पारदर्शक बाटल्या, एकाच फ्रिजमध्ये.

रानवाट | सोमवार, संध्याकाळी ६.१५

धागा छान चाललाय, पण मला हळूहळू पटेनासं झालंय. सगळे म्हणतायत की लस सोन्यासारखी, हात घाण. असं असतं तर बरं झालं असतं. काही वेळा लसच चुकलेली होती, आणि हे लपवलं की लोक इतर गोष्टींवरही विश्वास ठेवत नाहीत.

कुत्रा चावला की पोटात १४ इंजेक्शनं, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. ती सेंपल यांची लस, १९११ मध्ये कसौलीला तयार झालेली. रेबीज झालेल्या मेंढीच्या मेंदूचं ५ टक्के मिश्रण, फिनॉल घालून विषाणू मारलेला. विषाणू मरायचा, पण मेंदूतलं मायलिन, मज्जातंतूंवरचं वेष्टण, तसंच राहायचं. १४ दिवस ते टोचत राहिलं की काहींचं शरीर मेंढीच्या मायलिनविरुद्ध उभं राहायचं आणि सोबत स्वतःच्याही. पाय लुळे पडायचे, मेंदूला सूज यायची. स्वच्छ सुई, थंड डबा, कुशल हात, सगळं असूनही. पेशींवर वाढवलेल्या लसी जगात कधीच्या आलेल्या असताना आपल्याकडे ही डिसेंबर २००४ पर्यंत चालू होती, कारण स्वस्त. आता चामडीत ०.१ मिली, दोन जागी, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. पोटाचा संबंधच नाही.

दुसरं, आरएसव्ही. लहान मुलांच्या छातीचा आजार. १९६६ मध्ये अमेरिकेत फॉर्मलिनने मारलेली लस तान्ह्यांना दिली. पुढे खरा संसर्ग झाला तेव्हा लस घेतलेल्यांपैकी ८० टक्के रुग्णालयात, न घेतलेल्यांपैकी ५ टक्के. दोन मुलं गेली. फॉर्मलिनने विषाणूच्या पृष्ठभागाचा आकार बिघडला होता. शरीराने जी प्रतिद्रव्यं केली ती विषाणूला चिकटत पण थोपवत नव्हती, उलट फुप्फुसात दाह वाढवत होती. योग्य आकाराचं प्रथिन वापरून केलेली लस बाजारात यायला २०२३ उजाडलं.

परळ_नाका | सोमवार, संध्याकाळी ६.५०

रानवाटशी सहमत. हा प्रतिसाद धाग्यात हवाच होता.

फणसगरे | सोमवार, रात्री ९.२०

फॉर्मलिनचा विषय निघालाच आहे तर कटरचं प्रकरण सविस्तर लिहितो, कारण त्यात रानवाटचं आणि बाकीच्यांचं, दोघांचंही थोडंथोडं बरोबर आहे.

१२ एप्रिल १९५५ रोजी सॉल्क यांची पोलिओ लस सुरक्षित आणि परिणामकारक आहे असं जाहीर झालं. त्याच दिवशी परवाने निघाले. दोन आठवड्यांत कॅलिफोर्नियातल्या कटर कंपनीची लस घेतलेली मुलं लुळी पडू लागली, आणि तीही नेमका जो हात-पाय टोचला तोच. २७ एप्रिलला माल परत मागवला. सुमारे १,२०,००० डोसांत जिवंत विषाणू होता. लस घेतलेल्यांपैकी ५१ जणांना कायमचा लकवा, ५ मृत्यू. शिवाय त्यांच्या घरच्यांना आणि शेजाऱ्यांना लागण झाली ती वेगळी.

आता नेमकं काय बिघडलं ते. माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर विषाणू वाढवायचा. पेशींचा कचरा गाळायचा. ४,००० भागांत १ भाग फॉर्मलिन घालून साधारण ३७ अंशांत ठेवायचं. रोज थोडं काढून मोजायचं की किती जिवंत उरले. सॉल्क यांचा हिशेब असा की लॉगच्या (दहापटींच्या) आलेख-कागदावर ही घट सरळ रेषेत उतरते. म्हणून मोजता येण्याच्या पलीकडे ती रेषा पट्टीने लांबवायची आणि काही दिवस जास्त ठेवायचं, मग एकही उरणार नाही.

रेषा सरळ नव्हती. शेवटी ती शेपटीसारखी आडवी पसरते. कारण विषाणूचे कण पेशींच्या कचऱ्यात गुठळी धरून बसतात आणि बाहेरचा थर फॉर्मलिन अंगावर घेतो, आतला वाचतो. कटरने जुन्या पद्धतीच्या दाट गाळणीऐवजी काचेची गाळणी वापरली. तिच्यातून कचरा जास्त उतरला. गाळल्यावर द्रव साठवून ठेवला की उरलासुरला कचरा पुन्हा गुठळ्या धरतो. भरीला मूळ वाण महोनी, पोलिओतला अतिशय जहाल.

तरी तपासणीत का नाही सापडलं? नमुना अगदी थोडा घेत. हजारो डोसांच्या टाकीतून थोडं काढलं तर विरळ पसरलेला विषाणू हाती लागत नाही. भातात एक खडा असला तरी पहिल्या घासात येतोच असं नाही. आणि कागदावरची चूक यापेक्षा मोठी. १९५४ च्या चाचणीच्या वेळी कंपन्यांना सलग ११ घाण्या (घाणी म्हणजे एका वेळी तयार झालेला माल) निर्दोष काढून दाखवायच्या होत्या. परवान्याच्या वेळी ही अट गेली. जी घाणी तपासणीत नापास झाली ती बाजूला ठेवायची आणि पास झालेल्याचेच कागद पाठवायचे. अधूनमधून नापास होतंय, म्हणजे पद्धतच हातात नाही, हे कुणाला दिसलंच नाही. सरकारी प्रयोगशाळेत बर्निस एडी यांच्याकडे कटरच्या नमुन्यांनी माकडं लुळी पडली होती, त्यांनी वर कळवलं, कुणी ऐकलं नाही.

मग फॉर्मलिनच्या मध्येच आणखी एकदा गाळायचं ठरलं, नमुने मोठे झाले आणि प्रत्येक घाणीचा हिशेब द्यावा लागू लागला. आयपीव्ही, म्हणजे टोचायची पोलिओ लस, आजही फॉर्मलिननेच करतात, आणि तिच्यातल्या पहिल्या प्रकारासाठी बऱ्याच ठिकाणी तोच महोनी वाण.

खाडीपल्याड | सोमवार, रात्री ९.४५

भातातला खडा चपखल. पण थांबा, जंतुनाशक म्हणजे काय घालतात? थायोमर्सल ना, पाऱ्याचं? ते ऐकलं की वाडीवरची निम्मी मंडळी उठून जातील.

शीतसाखळी | मंगळवार, सकाळी ८.३०

हो, थायोमर्सल. १९३० च्या दशकापासून. ०.०१ टक्के प्रमाणात, म्हणजे अर्ध्या मिलीच्या डोसात साधारण २५ मायक्रोग्रॅम पारा. हा इथिल पारा. समुद्रातल्या मोठ्या माशांत साठतो तो मिथिल पारा. मिथिल शरीरात महिनाभराहून जास्त रेंगाळतो, इथिल काही दिवसांत निम्मा होतो आणि मलावाटे जातो. १९९९ मध्ये अमेरिकेने खबरदारी म्हणून मुलांच्या लसींतून थायोमर्सल काढायला सांगितलं. तिकडे एकेका डोसाच्या बाटल्या परवडतात. त्यानंतर झालेल्या मोठ्या अभ्यासांत स्वमग्नतेशी संबंध आढळला नाही.

गंमत म्हणजे आयपीव्हीत थायोमर्सल चालतच नाही, ते लसीचा जोर घालवतं. तिथे २-फिनॉक्सिइथेनॉल वापरतात. म्हणजे प्रत्येक लसीला जंतुनाशक तिच्या तब्येतीप्रमाणे निवडावं लागतं, आणि बीसीजीला कुठलंच मानवत नाही.

चाकरमानी_७७ | मंगळवार, सकाळी ९.००

मोठ्या माशांत पारा? म्हणजे सुरमई बंद?
(गणपतीला गावी येतोय, कृपया 'नाही' असंच उत्तर द्या.)

शीतसाखळी | मंगळवार, सकाळी ९.०४

नाही. बांगडे जास्त खा.

सागरगोटा | मंगळवार, सकाळी १०.४०

रानवाटच्या मुद्द्याला जोडून: काही धोके इतके विरळ असतात की चाचणीत दिसूच शकत नाहीत. हिशेब सोपा आहे, तीनचा नियम म्हणतात. ३,००० जणांना लस दिली आणि एकालाही अमुक त्रास झाला नाही, तर एवढंच म्हणता येतं की त्रासाचं प्रमाण बहुधा हजारात एकापेक्षा कमी आहे. 'शून्य' म्हणता येत नाही.

रोटाशिल्ड ही जुलाबावरची लस अमेरिकेत ऑगस्ट १९९८ मध्ये आली. चाचण्यांत लस दिलेल्या सुमारे १०,००० बाळांपैकी ५ जणांचं आतडं आतड्यात शिरलं होतं, लस न दिलेल्या साडेचार हजारांत १. योगायोग असू शकतो असा तो आकडा. लाखो बाळांना दिल्यावर कळलं की साधारण १०,००० मागे १ बाळ, बहुतेक पहिल्या डोसानंतर ३ ते १४ दिवसांत. ऑक्टोबर १९९९ मध्ये कंपनीने लस मागे घेतली. पुढच्या दोन रोटा लसींच्या चाचण्या त्यामुळेच ६०,००० च्या वर बाळांवर घ्याव्या लागल्या.

म्हणून लस बाजारात आल्यानंतरची नोंद महत्त्वाची. आशाताई दुसऱ्या दिवशी घरी येऊन ताप आला का विचारते, तेव्हा त्या साखळीतली पहिली कडी तीच असते.

बांद्याचो | मंगळवार, दुपारी १२.१०

अवांतर, पण कोकणातला धागा आणि माकडतापाचा उल्लेख नाही, हे कसं?

दोडामार्ग, बांदा भागात २०१६ पासून. काजू वेचायचा हंगाम आणि गोचिडीचा हंगाम एकच. याची लस होती. कोंबडीच्या गर्भाच्या पेशींवर वाढवलेली आणि पुन्हा तेच, फॉर्मलिनने मारलेली. महिन्याच्या अंतराने दोन डोस, सहा ते नऊ महिन्यांनी तिसरा, मग दरवर्षी एक. सुरक्षिततेची ओरड नव्हती, टोचल्या जागी दुखायचं एवढंच. बोंब होती ती जोराची. दोन डोस घेऊनही पुरेसं संरक्षण मिळत नव्हतं, काही घाण्या जोराच्या चाचणीत नापास झाल्या, आणि २०२२ मध्ये ती बंद केली.

माझ्या मते जोर नसलेली लस हीही सुरक्षिततेचीच बाब. लस घेतली म्हणून माणूस अंगाला डीएमपीचं, गोचीड दूर ठेवणारं, तेल न लावता रानात जातो. पाणी टोचलं असतं तरी सुई सुरक्षितच म्हणाले असते.

रानवाट | मंगळवार, दुपारी १२.३०

हे आवडलं. 'सुरक्षित' या शब्दात 'उपयोगी' लपवून ठेवण्याची सवय फार आहे.

शीतसाखळी | मंगळवार, दुपारी २.१५

जोर जाण्यावरून एक आठवलं. आपल्याकडे सगळे उष्णतेला घाबरतात, पावसाळ्यात लाईट गेली की आयएलआर उघडून उघडून बघतात. उघडू नका. झाकण बंद असेल तर तो गारवा बराच धरतो. प्रत्यक्षात पेंटाव्हॅलंट, टीडी, कावीळ-बी, आयपीव्ही, पीसीव्ही (न्यूमोनियाची) यांचं जास्त नुकसान बर्फाने होतं. पेंटा, टीडीसारख्या लसींत ॲल्युमिनियमचा क्षार असतो. गोठला की त्याचे कण कायमचे गुठळतात. वितळवून काही उपयोग नाही. जोर जातो आणि टोचल्या जागी गळूही धरू शकतं, जंतू नसलेलं गळू.

म्हणून डीप फ्रीजरमधून काढलेल्या आइसपॅक थेट डब्यात घालायच्या नाहीत. टेबलावर मांडून ठेवा, घाम फुटू द्या, कानाशी हलवल्यावर आत पाणी खुळखुळलं की मगच घाला.

गोठल्याची शंका असेल तर हलवून बघायची चाचणी. त्याच घाणीची एक बाटली मुद्दाम रात्रभर गोठवा आणि वितळवा. ती आणि शंकेची बाटली एकाच हातात धरून १०-१५ सेकंद हलवा, शेजारी शेजारी ठेवा. अर्ध्या तासाने गोठवलेलीत तळाशी साका आणि वर नितळ पाणी दिसेल. शंकेची बाटली तितक्याच वेगाने बसली तर बाद. आयपीव्हीला ही चाचणी लागू नाही, तिच्यात तो क्षारच नसतो.

काजूबी | मंगळवार, दुपारी २.२०

म्हणजे तिरफळाच्या आमटीसारखं. एकदा फुटली की फुटली.

जुना_दप्तरी | मंगळवार, संध्याकाळी ५.००

मूळ प्रश्नाकडे येऊ. हाताळणीचे नियम पाळले नाहीत तर आजही काय होतं, याची दोन उदाहरणं.

दक्षिण सुदान, मे २०१७. गोवराच्या मोहिमेत १५ मुलं दगावली. पातळ करायची एकच सिरिंज ४ दिवस वापरली आणि लस गारव्याविना पडून. बंडाबर्ग जसंच्या तसं, ८९ वर्षांनी.

सामोआ, जुलै २०१८. डायल्युएंटऐवजी मुदत संपलेलं स्नायू-शिथिलक, दोन बाळं गेली. लसीकरण थांबवलं आणि लोकांचा विश्वास उडाला. २०१९ च्या शेवटी गोवर आला, ५,७०० रुग्ण, ८३ मृत्यू. दोन बाळांचा अपघात हाताळणीचा, ८३ मृत्यू त्यानंतरच्या गोंधळाचे.

आणि 'फुकट घालवतात' याबद्दल: बीसीजीची मागणी नोंदवतानाच निम्मी वाया जाणार असं धरून दुप्पट मागवतात. वाया जाणं हिशेबात आहे, चोरीत नाही.

खाडीपल्याड | मंगळवार, संध्याकाळी ५.४०

सगळ्यांचे आभार, हे वाडीवर सांगता येईल. आता एक व्यवहारातली शंका. नियम कळला, पण वाया कमी घालवायचं काही करता येतं का? आणि कुपी फोडताना पूड उडते, त्यात अर्धा माल जातो म्हणतात, ते खरं का?

शीतसाखळी | मंगळवार, संध्याकाळी ६.३०

पूड उडते, पण चुकीच्या पद्धतीने फोडली तर. बीसीजीची कुपी निर्वात असते. मान फटकन मोडली की हवा झपकन आत शिरते आणि पूड बाहेर फेकते. कुपीवर बोटाने टिचकी मारून पूड तळाशी आणा. मानेवर कानसीने एक हलकी रेघ. मग कुपी प्लास्टिकच्या चकतीत गुंडाळून मान सावकाश मोडा, हवा हळूहळू आत जाऊ द्या. डायल्युएंट बीसीजीचंच, मिठाचं पाणी. गोवराचं वेगळं असतं, ते इकडे चालत नाही. डायल्युएंट आदल्या दिवसापासून आयएलआरमध्ये हवं, कोमट घातलं तर लस तिथेच मरते. पातळ करायला प्रत्येक कुपीला नवी ५ मिलीची सिरिंज. महिन्याच्या आतल्या बाळाला ०.०५ मिली, मोठ्याला ०.१. आणि उन्हात ठेवू नका, बीसीजी उजेडाने मरते, म्हणून तर कुपी तपकिरी.

वाया कमी घालवायला एकच उपाय चालतो: बीसीजी शक्यतो जन्मल्याबरोबर, जिथे बाळंतपण झालं तिथेच. तिथे एका दिवशी चार बाळं मिळतात. राहिलेल्यांची यादी आशाताईकडून आधी घ्या, दोन-तीन वाड्यांचं एक सत्र बांधा, आणि बाळं दारात आल्यावरच कुपी फोडा. मात्र एकच बाळ आलं तरी कुपी फोडायची. 'पुढच्या महिन्यात ये' म्हणून परत पाठवलेलं बाळ परत येतंच असं नाही.

बांद्याचो | मंगळवार, संध्याकाळी ७.१०

एक बारीक गोष्ट. बाटलीवर वेळ लिहितात ती पावसाळ्यात बर्फाच्या पाण्याने पुसली जाते. मग ४ तास मोजायचे कुठून?

शीतसाखळी | मंगळवार, संध्याकाळी ७.२५

लस आधी झिपच्या पिशवीत, मग डब्यात. आइसपॅकचा घाम लेबलला लागता कामा नये. वेळ बॉलपेनने, सुक्या लेबलवर, डायल्युएंट घातल्या क्षणी लिहा. हिशेबाच्या वहीतही तीच वेळ. लेबल पुसलं असेल तर अंदाज बांधत बसायचं नाही, ती बाटली बाद.